पंच्याऐंशीवं पान

कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या त्या सरांना मुलं पाठीमागे 'अधांतरी सर' म्हणत, आणि सरांना ते ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, आवडतही होतं. बाकीच्या शिक्षकांची टोपणनावं टकलावरून, चालीवरून, नाहीतर मीटिंगमधल्या घोरण्यावरून पडलेली. आपलं तेवढं एका वाङ्मयीन विचारावरून पडलंय, याचा सरांना मनातल्या मनात केवढा तरी अभिमान होता. माणसानं कशावर फुगावं याला काही धरबंध नसतो.

हा विचार एका कथेवर उभा होता. कथा जुनी, पुस्तक बाजारातून कधीच गायब झालेलं. सरांकडे त्याची एक प्रत होती, पिवळी पडलेली आणि पाठीतून खिळखिळी झालेली. अभ्यासक्रमात ही कथा त्यांनीच हट्टानं लावून घेतली होती आणि त्याच प्रतीवरून झेरॉक्स काढून एकोणीस वर्षं मुलांना वाटली होती. कथेत दोन बहिणी. भांडण होतं, धाकटी घर सोडून जाते. अकरा वर्षांनी एका दुपारी ती हातात पिशवी घेऊन दारात येऊन उभी राहते. आतून भांड्यांचा आवाज येतो. ती केस सारखे करते, कडीकडे बघते. 'तिनं हात वर केला.' संपली कथा.

हात वर केला, आणि कडी वाजलीच नाही! सर हे वाक्य वाचून स्वतःचा हात वर करत आणि तो तसाच ठेवून वर्गाकडे बघत. "अधांतरी," ते हलक्या आवाजात म्हणत. "लेखकाचा संयम बघा. दुसरा कोणी असता तर दार उघडून मोकळा झाला असता." या न वाजलेल्या कडीवर त्यांनी एका चर्चासत्रात निबंध वाचला होता. टाळ्या पडल्या होत्या. एका वृद्ध प्राध्यापकांनी तर डोळे पुसले होते. पुढे कळलं की त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, पण ते सरांनी कानाआड केलं.

सरांची शिकवण्याची पद्धतही ठरलेली होती. कुठलीही कथा असो, पाच पायऱ्या. कथानक, पात्रं, वातावरण, शेवट आणि स्वतःचं मत. पाचवी पायरी सर सगळ्यात सावकाश सांगत, कारण ती मुलांना शब्दशः उतरून घ्यायची असे. "लिहा," सर म्हणत, "स्वतःचं मत. मला असं वाटतं की..." आणि साठ माना एकदम खाली जात. साठ उत्तरपत्रिकांमध्ये साठ जणांना तंतोतंत एकच वाटायचं, स्वल्पविरामासकट. सर त्याला पिढीची प्रगल्भता म्हणत.

यंदा वर्गात एक बाई होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, कॉलेजमागच्या गल्लीत पुस्तकांच्या बाइंडिंगच्या दुकानात काम करणाऱ्या. सकाळी वर्ग, मग दिवसभर दुकान. सगळे त्यांना बाइंडरबाई म्हणत. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, या वयात का शिकावंसं वाटलं? तर त्या म्हणाल्या, "सव्वीस वर्षं पुस्तकं शिवतेय सर. आत काय असतं ते एकदा बघावं म्हटलं." सरांना हे इतकं आवडलं की स्वागत समारंभाच्या भाषणात त्यांनी ते वापरलं, मध्ये योग्य जागी थांबून.

रविवारी सर जेवणाच्या टेबलावर अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत बसले. वीस गुणांचा एकच प्रश्न: कथेच्या शेवटाचं रसग्रहण करा. एकामागून एक पेपरात हात वर होत होते आणि अधांतरी राहत होते. सर सोळा, सतरा, सोळा देत चालले होते. मग बाइंडरबाईंचा पेपर आला.

'धाकटीचा हात कडीला लागायच्या आधीच मोठी दार उघडते,' बाईंनी लिहिलं होतं. 'ती आलीस का म्हणत नाही. चपला बाहेर काढ, फरशी आत्ताच पुसलीय, असं म्हणते. मग दोघी मटार सोलत बसतात. शेवटी ती मटारची दुसरी टोपली आणते. मोठीला राहा म्हणता येत नाही म्हणून ती टोपली आणते. पुस्तकाची चांगली शिवण आतून जाते, बाहेरून दिसत नाही, तसं हे बोलणं आहे. माझ्या आईशी मी चार वर्षं बोलत नव्हते. शेवटी तिनं निरोप पाठवला की उशीचे अभ्रे शिवायचेत. मी गेले. म्हणून मला हा शेवट खरा वाटतो.'

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मटार? टोपली? अभ्रे? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेखकानं जपून ठेवलेलं ते अधांतर या बाईनं मटारानं भरून टाकलं होतं! त्यांनी लाल पेन उचललं आणि लिहिलं, 'गोष्ट नीट वाचावी. मनाचं घालू नये.' वीसपैकी तीन. तीनसुद्धा अक्षर सुवाच्य म्हणून.

एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण सोमवारी त्यांनी ते उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं. रसग्रहण कसं करू नये, याचा नमुना म्हणून. नाव घेतलं नाही, तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता. पण 'शिवण' शब्द आला आणि सगळा वर्ग पहिल्या बाकाकडे बघायला लागला. "आता ही टोपली आली कुठून?" सरांनी विचारलं. वर्ग खदखदून हसला. सरांना वाटलं, आज तास रंगला. बाइंडरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

दुपारी घरी सरांनी हा किस्सा बायकोला पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवला. बायको गणिताची शिक्षिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. ती सगळं ऐकून घेते आणि मग एकच प्रश्न विचारते, ही तिची जुनी खोड.

"त्या बाई बाइंडिंग करतात ना?"

"हो. त्याचं काय?"

"अहो, मग जास्तीचं पान मनानं घालायची सवय त्यांना कशी असेल? बघू ते पुस्तक."

सरांनी हसत पुस्तक दिलं. तिनं शेवटचं वाक्य वाचलं, समोरच्या पानाचा आकडा बघितला, परत मागे आली. "चौऱ्याऐंशीनंतर सत्त्याऐंशी कसं येईल?"

"येत असेल," सर म्हणाले. त्यांना सगळे आकडे सारखेच.

"येत असेल? मध्ये एक अख्खं पान नाहीये अहो. पंच्याऐंशी-शहाऐंशी. हे बघा, इथं शिवणीशी फाटक्या कागदाची कातर राहिलीय."

सरांनी बघितलं. कातर होती. नखाएवढी, पिवळी. एकोणीस वर्षं तिथंच होती. झेरॉक्सवाला पानांचे आकडे कापून टाकायचा म्हणून मुलांना कळायचा प्रश्नच नव्हता. पण ही प्रत तर सरांच्या उशाशी असायची. "छापताना आकडे चुकले असतील," ते म्हणाले आणि चप्पल पायात सरकवून ग्रंथालयाकडे निघाले. बायकोनं "जेवण?" विचारलं तेव्हा ते जिन्यात होते.

ग्रंथालयात त्या पुस्तकाची एक प्रत निघाली. मागच्याच वर्षी नवी पाठ लावलेली, लाल कापडाची, कोपरे चोख. सरांनी उभ्याउभ्याच पंच्याऐंशीवं पान काढलं. धाकटीचा हात कडीपर्यंत पोचायच्या आधीच आतून दार उघडलं होतं. मोठीच्या हातात ओलं फडकं होतं. "चपला बाहेर काढ. आत्ताच फरशी पुसलीय." मग स्वयंपाकघर, ताटलीत मटार, दोघींचे हात, बोलणं काहीच नाही. शहाऐंशीव्या पानावर, खालच्या तीन ओळींत:

'किती दिवस आहेस?' मोठीनं विचारलं.

'हे मटार संपेपर्यंत,' धाकटी म्हणाली.

मोठी उठली आणि आतून दुसरी टोपली घेऊन आली.

सरांनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे पुसले, आणि यावेळी डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारणही नव्हतं. कथा फार चांगली होती. ते सांगत आले होते त्यापेक्षा कितीतरी चांगली. आणि मग त्यांना बाईंचं उत्तर आठवलं. राहा म्हणता येत नाही म्हणून टोपली आणते. एकोणीस वर्षांत, हजारभर पेपरांत, या कथेवर कोणी लिहिलेलं एकमेव खरं वाक्य, आणि त्यावर आपलं लाल पेन फिरलेलं. लाजेनं त्यांचे कान तापले.

कान तापले म्हणून डोकं सरळ चालायला लागतं असं मात्र नाही. पुढचे दोन दिवस सर सुटकेच्या वाटा शोधत होते. पहिली वाट, पाठभेद: शेवटचं पान प्रकाशकानं मागाहून जोडलं असावं. यावर निबंधही होऊ शकला असता. शीर्षक सुचलं तेव्हा सरांना स्वतःचीच किळस आली. दुसरी वाट, पुढच्या वर्षी कथाच बदलायची. तिसरी सगळ्यात सोपी: गुपचूप तीनाचे अठरा करायचे आणि ताकास तूर लागू द्यायची नाही. सरांना तिसरी पटली. अडचण एकच, बाइंडरबाई मंगळवारी आल्या नाहीत. बुधवारीही आल्या नाहीत. पहिल्या बाकावरची ती रिकामी जागा तास संपेपर्यंत सरांकडे बघत होती.

बुधवारी दुपारी सर मागच्या गल्लीत गेले. दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं. आतून कागदावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. हाताखाली उत्तरपत्रिका, खांद्याला पिशवी, पिशवीत ते पिवळं पुस्तक. दार वाजवायला सरांनी हात वर केला.

"चपला बाहेर काढा सर," आतून आवाज आला. "खाली कागद पसरलेत."

सरांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी मुकाट्यानं चपला काढल्या.

बाई खाली बसून मोठमोठ्या छापील कागदांना हाडाच्या पट्टीनं घड्या घालत होत्या. शेजारी खळीचं भांडं, दोऱ्याची रिळं. त्यांनी एक स्टूल पायानं पुढे सरकवलं. सर बसले, खाकरले.

"तुम्ही दोन दिवस आला नाहीत."

"काम आहे सर."

"हे तुमचे गुण. तीनाचे अठरा झालेत. बेरजेत जरा चूक झाली होती."

बाईंची पट्टी थांबली. "कसली बेरीज सर? प्रश्न तर एकच होता."

सरांनी खळीच्या भांड्याकडे अभ्यासपूर्वक पाहिलं.

"मला गुणांचं काही नाही हो," बाई म्हणाल्या. "पण मला एक सांगा. तुमच्या झेरॉक्सवर आकडे नव्हते, मला चैन पडेना. हातात कागद आला की आधी पानं मोजायची, सवयच आहे. म्हणून ग्रंथालयातून पुस्तक आणलं, माझ्याच हातचं आहे ते. त्यात पान आहे. मग तुम्ही ते धरत का नाही?"

"धरत नाही म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही तर वाचलेलंच असणार. मला वाटलं, साहित्यात असंच असेल. एखादं पान छापलेलं असतं, पण शिकल्यासवरल्या माणसानं ते धरायचं नसतं. मी दोन रात्री विचार केला. नाहीच कळलं. म्हटलं, जाऊ दे बाई, एवढं साधं कळत नाही तर आपण शिवलेलंच बरं. नाव काढून घ्यायला शुक्रवारी येणारच होते."

सरांच्या जिभेवर 'हो' आलं होतं. अगदी टोकावर. अगदी विद्वान, गंभीर 'हो'. असंच असतं बाई, काही पानं धरायची नसतात. एवढं म्हटलं की अब्रू शाबूत, निबंध शाबूत, टोपणनाव शाबूत. आणि समोरची बाई जन्मभर समजणार की आपल्याला वाचता येत नाही. सरांनी तो 'हो' गिळला. गिळताना चांगलाच टोचला. मग त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

बाईंनी सवयीनं अंगठ्यानं पानं सोडली. चौऱ्याऐंशीवर अंगठा थांबला. त्यांनी कातरीला हात लावला, पाठ वाकवून बघितली. "दोरा सुटलाय. पान फाटून निसटलं असणार." मग त्यांनी मान वर केली. "अगंबाई. म्हणजे तुम्ही..."

"नाही वाचलेलं," सर म्हणाले. "एकोणीस वर्षं."

बाईंनी खळीनं माखलेला हात तोंडावर नेला, आणि हसू काही आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मनगटानं पुसलं. सरांना आधी राग आला. मग आठवलं की ते अधांतरी हात वर धरून वर्गाकडे बघायचे, तो चेहरा. मग तेही हसायला लागले. स्टूल डुगडुगलं.

"बाई, उद्यापासून या," सर शेवटी म्हणाले. "माझं चुकलं."

"येईन की." बाईंनी पट्टी परत हातात घेतली. "पण हे वर्गात सांगा सर."

"वर्गात?"

"माझं वाचलंत ते वर्गातच वाचलंत."

बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं. "हे असू दे इथं. पान लावून देते."

गुरुवारी सर वर्गात शिरले तेव्हा बाई पहिल्या बाकावर होत्या. टेबलावर पुस्तक होतं, पाठ नवी. पंच्याऐंशीव्या पानाची झेरॉक्स जाड कागदावर काढून अशी बेमालूम चिकटवलेली की फक्त तिचा पांढरा रंग फितूर होत होता. सरांनी घसा साफ केला. घरून दोन पानांचं निवेदन लिहून आणलं होतं, त्यात 'प्रतीतील त्रुटी' वगैरे शब्द होते. ते त्यांनी खिशातच ठेवलं.

"या कथेचं शेवटचं पान माझ्या प्रतीत नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून मी ही कथा शेवटपर्यंत वाचलेलीच नव्हती. न वाचता मी एकोणीस वर्षं तिचा शेवट शिकवला. सोमवारी ज्या उत्तराला तुम्ही हसलात ते बरोबर होतं. हसण्यासारखा माणूस टेबलाच्या या बाजूला होता."

वर्गात फक्त पेनांची कुरकुर चालली होती. सरांनी निरखून बघितलं. साठ माना खाली होत्या. मुलं उतरून घेत होती.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "सर, 'वाचलेलीच नव्हती' हे 'शेवट'मध्ये लिहायचं की 'स्वतःचं मत'मध्ये?"

सरांना वाटलं, धरणी दुभंगावी. पण हे पीक त्यांनीच लावलं होतं. "कुठंच लिहू नका," ते म्हणाले. "पेनं खाली ठेवा. ऐका."

त्यांनी पान वाचलं. हात वर केला नाही, आवाज हलका केला नाही, कुठं मुद्दाम थांबलेही नाहीत. टोपली आली, पान संपलं.

"आता स्वतःचं मत," सर म्हणाले. साठ पेनं उचलली गेली. 'मला असं वाटतं की' एवढं तर सगळ्यांनी लिहूनही टाकलं. सर पुढे काही सांगेनात. मुलं वाट बघत राहिली, सरही वाट बघत राहिले. एक मिनिट केवढं लांब असतं ते सरांना पहिल्यांदा कळलं. जीभ वळवळत होती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

"मला नाही पटलं," मागच्या बाकावरून आवाज आला. वर्षभर खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी होती ती. "अकरा वर्षं तोंड दाखवलं नाही, आणि आल्या आल्या मटार? मी मोठी असते तर दार लावून घेतलं असतं."

सरांचं तोंड उघडलं. त्यात तयार वाक्य होतं, ते ओठांपर्यंत आलंही. पण बाइंडरबाई बाकावर अख्ख्या मागे वळल्या होत्या.

"लावलं असतंस गं," त्या म्हणाल्या. "पण आतून कडी नसती घातलीस."

मुलीनं बाईंकडे बघितलं. मग तिनं वहीत लिहिलेलं 'मला असं वाटतं की' खोडलं आणि खाली मान घालून भराभर लिहायला लागली. सांगितलेलं कोणी काहीच नव्हतं, तरी लिहीत होती. सरांना राहवेना. ते टेबल सोडून हळूहळू मागच्या बाकापर्यंत गेले आणि मान लांब करून बघायला लागले.

मुलीनं वहीवर हात आडवा धरला.